तगादा आणि दूरध्वनी : वाहनकर्जाची वसुली व ऋणकोचे हक्क

मराठीत ‘तगादा’ हा शब्द आता बराच घरगुती झाला आहे. मुलाने नव्या दप्तरासाठी तगादा लावला, असे सहज म्हटले जाते. दोनशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ इतका निरुपद्रवी नव्हता. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कमिशनर म्हणून कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात धनकोने ऋणकोला लावलेल्या तगाद्याचे सविस्तर वर्णन आढळते. साध्या मागणीपासून त्याचा आरंभ होई. मग ऋणकोवर पहारा बसे, त्याचे जेवणखाण अडवले जाई, आणि प्रसंगी डोक्यावर जड दगड देऊन त्याला भर उन्हात एका पायावर उभे करण्यापर्यंत मजल जाई. दाराशी धरणे धरून बसणे हा याच रीतीचा दुसरा प्रकार होता. दारात बसलेल्या माणसाच्या उपवासाचे पाप आपल्या माथी येईल, या भयाने घरधनी नमत असे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दैवी कोपाचे भय घालून एखाद्याला काही करण्यास भाग पाडणे हा अपराध ठरवला (कलम ५०८), तेव्हा उदाहरण म्हणून या धरण्याचाच उल्लेख केला होता. ती तरतूद आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ मध्ये आहे.

या जुन्या गोष्टी आठवण्याचे कारण असे की, साधने बदलली तरी तगाद्याचे तत्त्व बदललेले नाही. कर्ज वसूल करण्याचा सरळ मार्ग न्यायालयातून जातो. तगाद्याचा मार्ग लज्जा आणि भीती यांतून जातो. पूर्वी दारात माणूस बसत असे. आता खिशातला दूरध्वनी दिवसातून वीस वेळा वाजतो. कधी तो पत्नीचा वाजतो, कधी शेजाऱ्याचा, तर कधी शाळेच्या मुख्याध्यापकांचा.

वाहनकर्ज आता केवळ शहरातील सुखवस्तू वर्गाचा विषय राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी प्रवासी वाहतूक करणारा तरुण, दोन शाळांमध्ये ये-जा करणारा शिक्षक, दूध पोहोचवण्यासाठी छोटा टेम्पो घेणारा शेतकरी यांनी हप्त्यांवर वाहने घेतली आहेत. हप्ता बँक खात्यातून ठरावीक तारखेला आपोआप वळता होतो. पगार लांबला, हंगाम बुडाला किंवा घरात मोठे आजारपण आले, की त्या तारखेला खात्यात पुरेशी रक्कम नसते आणि हप्ता ‘बाउन्स’ होतो. दूरध्वनीचे सत्र सुरू होते ते येथून.

हे सत्र कसे चालते, हे समजून घेतले तर अर्धे भय ओसरते. थकबाकीचे दिवस मोजण्याची बँकांची एक ठरलेली रीत आहे. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत पहिला टप्पा, ६० पर्यंत दुसरा, ९० पर्यंत तिसरा. ९० दिवस उलटले की कर्जखाते अनुत्पादक ठरते व त्यासाठी बँकेला आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते. वसुली विभागाच्या भाषेत या टप्प्यांना ‘बकेट’ म्हणतात. खाते पुढच्या बकेटमध्ये घसरू नये, ही त्या विभागाची धडपड असते. आरंभी लघुसंदेश येतात, मग यंत्राचा ध्वनिमुद्रित आवाज, त्यानंतर दूरध्वनी केंद्रातील मुलगा किंवा मुलगी. पुढे काम बाहेरच्या वसुली संस्थेकडे सोपवले जाते व तिचा माणूस घरी येऊ लागतो. या संस्थांना मोबदला बहुधा वसूल झालेल्या रकमेवर मिळतो. आवाज चढतो तो अनेकदा त्यामुळे. दूरध्वनीवरच्या माणसाचा कर्जदाराशी काही व्यक्तिगत दावा नसतो. तो स्वतःही कोणाच्या तरी तगाद्याखाली असतो.

सावकाराचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. बँकेने दिलेला पैसा ठेवीदारांचा असतो, आणि ठेवीदारांत निवृत्त शिक्षकही असतात व विधवाही असतात. हप्ता मागणे हा बँकेचा हक्क आहे, त्यासाठी दूरध्वनी करणे हाही हक्क आहे. ऐपत असून हप्ते बुडवणाऱ्या, गाडी परजिल्ह्यात दडवून ठेवणाऱ्या माणसाची बाजू घेण्याचे काही कारण नाही. प्रश्न मागणीचा नसून मागण्याच्या रीतीचा आहे.

या रीतीवर रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी मर्यादा घातल्या. २००३ साली तिने कर्जदात्यांसाठी न्याय्य व्यवहाराची संहिता घालून दिली. २४ एप्रिल २००८ रोजी वसुली प्रतिनिधींच्या नेमणुकीविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि त्यांतील तपशील आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. वसुलीचे काम कोणत्या संस्थेकडे दिले, हे बँकेने कर्जदाराला कळवावे. प्रतिनिधीजवळ ओळखपत्र, बँकेचे अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असावी. त्याने शंभर तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेले असावे. कर्जदाराने तक्रार केली असेल, तर ती निकालात निघेपर्यंत त्याचे प्रकरण वसुली संस्थेकडे पाठवू नये. ही शेवटची सूचना फार थोड्या कर्जदारांना ठाऊक असते. उडवाउडवीसाठी केलेल्या तक्रारीला अर्थात हे संरक्षण नाही.

त्यानंतर १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बँका व बँकेतर वित्तीय कंपन्या या दोहोंना उद्देशून अधिक स्पष्ट शब्दांत सांगितले की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये. शिवीगाळ, दमदाटी, मारहाण, चारचौघांत अपमान, कुटुंबीय, मित्र व संदर्भ म्हणून नावे दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगी जीवनात ढवळाढवळ, समाजमाध्यमांतून अनुचित संदेश, धमकीचे किंवा निनावी दूरध्वनी, पुनःपुन्हा केलेले दूरध्वनी हे सर्व निषिद्ध ठरवले. वसुली संस्था बाहेरची असली तरी तिच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची आहे, हेही त्यात निःसंदिग्धपणे नमूद केले. ‘तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे,’ हे शाखाधिकाऱ्याचे उत्तर म्हणून ग्राह्य नाही.

येथे जमलेल्या शिक्षक व अधिकारी वर्गाच्या दृष्टीने यातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. कर्जाच्या अर्जावर दोन ‘संदर्भ’ मागितले जातात आणि कर्जदार बहुधा सहकाऱ्यांची नावे देतो. संदर्भ देणारा माणूस जामीनदार नव्हे. त्याने एका पैचीही हमी घेतलेली नसते आणि त्याच्याकडे पैसे मागण्याचा कोणालाही अधिकार नाही. जामीनदाराची गोष्ट मात्र निराळी. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचे दायित्व, करारात अन्यथा ठरले नसेल तर, मूळ ऋणकोइतकेच असते. मूळ ऋणकोला सोडून थेट जामीनदाराकडे मागणी करण्यासही धनको मोकळा असतो. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या पेल्याबरोबर जामीनपत्रावर सह्या करण्याची जी रीत आहे, ती या कलमाच्या ज्ञानाने थोडी मंदावली तर बरे होईल.

मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना दूरध्वनी करून ‘तुमच्या शिक्षकाचा पगार थांबवा’ असे सांगणाऱ्याला काय उत्तर द्यावे, असा प्रश्न अनेक कार्यालयांत उभा राहतो. त्याचे उत्तर सोपे आहे. पगारातून कपात करण्याचे काही मार्ग कायद्याने आखले आहेत. न्यायालयाचा जप्तीचा हुकूम हा एक. सहकारी संस्थेच्या सभासदाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली लिहून दिलेला करार हा दुसरा. दूरध्वनीवरचा आवाज या मार्गांत बसत नाही. कार्यालयप्रमुखाने बोलणाऱ्याचे नाव, संस्था, क्रमांक व वेळ नोंदवून ठेवावी, लेखी पत्र मागावे आणि ती नोंद संबंधित कर्मचाऱ्याला द्यावी. त्या कर्मचाऱ्याला इतरांसमक्ष बोलावून जाब विचारणे म्हणजे वसुली प्रतिनिधीचे काम आपण होऊन पार पाडणे होय.

दूरध्वनीवरून दिल्या जाणाऱ्या धमक्यांत काही खऱ्या असतात, काही पोकळ असतात, आणि खऱ्याखोट्याची सरमिसळ करणे हेच त्या संभाषणाचे कौशल्य असते. ‘आज पैसे भरले नाहीत तर पोलीस उचलून नेतील,’ ही धमकी पोकळ आहे. हप्ता थकणे हा अपराध नव्हे. तो दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतसुद्धा निव्वळ असमर्थतेमुळे पैसे न देऊ शकणाऱ्याला तुरुंगात धाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयात स्पष्ट केले. महाराष्ट्राला तर हे तत्त्व त्याहून शंभर वर्षे आधी परिचित झाले होते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, आणि जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. त्याच कायद्याने सावकाराला पावती व हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन घातले. उतारा मागण्याचा ऋणकोचा हक्क हा असा जुना आणि मोल देऊन मिळालेला आहे.

धनादेश किंवा खात्यातून हप्ता वळता करण्याचा आदेश न वटल्यास खटला होऊ शकतो, ही धमकी मात्र पोकळ नाही. धनादेशासाठी परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आणि इलेक्ट्रॉनिक आदेशासाठी २००७ च्या प्रदान व समायोजन प्रणाली कायद्याचे कलम २५ आहे. तथापि त्यालाही क्रम आहे. रक्कम न वटल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत धनकोने लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर पैसे भरण्यास १५ दिवसांची मुदत असते. अशी नोटीस आली तर ती पेटीत टाकून स्वस्थ बसू नये. तालुका न्यायालयातील वकिलाला त्याच आठवड्यात दाखवावी.

‘सिबिल खराब करू’ हे वाक्य हल्ली सर्वांत अधिक ऐकू येते. थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते, हे खरे. परंतु ती नोंद खात्याच्या वस्तुस्थितीप्रमाणे जाते. दूरध्वनीवरच्या माणसाच्या रागलोभाप्रमाणे जात नाही. चुकीची नोंद झाल्यास ती दुरुस्त करून मागता येते, आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले. तडजोडीच्या वेळी एक सावधगिरी हवी. काही रक्कम सोडून देऊन खाते मिटवले, तर नोंदीत ते ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटले’ असे दिसते, आणि पुढील कर्ज मागताना ते आड येते.

लोकअदालतीच्या नोटिशीविषयी गावोगावी विनाकारण घबराट आढळते. पाकिटावर विधी सेवा समितीचे नाव व आत न्यायालयाचा पत्ता पाहून खटला भरला गेला असे समजले जाते. वस्तुतः दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण समेटासाठी लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे निवाडा होतो तो दोन्ही पक्षांच्या संमतीनेच. संमती नसेल तर कोणी काही लादू शकत नाही. संमती दिली तर मात्र तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नसते. हप्ते कमी करून घेण्याची, दंडाची रक्कम माफ करून घेण्याची ही चांगली संधी असते, आणि घाबरून गैरहजर राहणारे ती दवडतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असावयास हवी.

दंडाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पूर्वी हप्ता चुकला की दंडव्याज लागे, ते मुद्दलात मिळवले जाई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली. दंड हा आकार म्हणून लावावा, तो व्याजदरात मिसळू नये आणि त्याचे भांडवलीकरण करू नये, असा तो आदेश होता. दूरध्वनीवर सांगितलेली थकबाकी आणि खातेउताऱ्यातील थकबाकी यांत अंतर पडते ते बहुतेक या ठिकाणी. उतारा हाती आल्याशिवाय कोणत्याही रकमेला होकार देणे शहाणपणाचे नाही.

कर्जदाराने प्रत्यक्षात करावे काय? दूरध्वनी बंद करून बसणे हा पहिला विचार मनात येतो, आणि तो चुकीचा आहे. कर्जदार सापडेनासा झाला की दूरध्वनी नातेवाइकांकडे वळतात, आणि तो टाळाटाळ करतो असे बँकेच्या कागदावर चढते. त्याऐवजी शाखाधिकाऱ्याला एक पत्र लिहावे. कर्जखात्याचा व वाहनाचा क्रमांक, किती हप्ते थकले, का थकले, पुढील रक्कम कोणत्या तारखेला व किती भरता येईल, एवढे त्यात असावे. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करावयाची असल्यास तीही असावी. त्याच पत्रात वसुली संस्थेचे नाव व तिच्या अधिकारपत्राची प्रत मागावी, आणि यापुढील संपर्क फक्त स्वतःच्या क्रमांकावर व ठरलेल्या वेळात व्हावा असे कळवावे. पत्र शाखेत देऊन पोच घ्यावी किंवा स्पीड पोस्टाने पाठवावे. जी तारीख दिली ती पाळावी. न पाळता येण्याजोगी तारीख देऊच नये. दूरध्वनीवर पिच्छा सुटावा म्हणून ‘उद्या भरतो’ म्हणणाऱ्या माणसाला उद्या दुप्पट दूरध्वनी येतात, कारण त्याचे वचन तिकडे नोंदलेले असते.

याबरोबर एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, क्रमांक, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव आणि बोलण्याचा आशय. दूरध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय असल्यास मूळ ध्वनिमुद्रण कापाकापी न करता जपावे. संदेश पुसू नयेत. बँकेने वसुलीच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण ठेवावे, असे २००८ च्या सूचनांतच म्हटले होते, तेव्हा ‘तुमच्याकडील ध्वनिमुद्रण तपासा’ अशी मागणीही तक्रारीत करता येते. आणि घरी आलेल्या माणसाच्या हाती पावतीवाचून रोख रक्कम देऊ नये. शक्यतो पैसे थेट कर्जखात्यात भरावेत. प्रतिनिधीला दिलेली आणि खात्यात कधीच न पोहोचलेली रक्कम सिद्ध करणे फार कठीण असते.

तक्रारीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बँका, बँकेतर कंपन्या व डिजिटल व्यवहार यांसाठी पूर्वी तीन निरनिराळ्या लोकपाल योजना होत्या. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या एकत्र करण्यात आल्या. तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. पहिली पायरी वगळून थेट लोकपालाकडे धावणाऱ्याचा अर्ज मात्र परत येतो, आणि पोचेची प्रत जपलेली नसली तर पहिली पायरी चढल्याचे सिद्धच करता येत नाही.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर हा मार्ग नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली असतात. तक्रार तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे करावी लागते. कलम १०१ खालील वसुली दाखल्याच्या प्रकरणात ऋणकोला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते व ती त्याने घेतली पाहिजे. खासगी सावकाराचे असेल तर १९४६ च्या व नंतर २०१४ च्या राज्य कायद्याचा विचार येतो. ऋणकोचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे, त्याला धाक घालणे यांसारखे प्रकार १९४६ च्या कायद्यानेच दंडनीय ठरवले होते. बँकेतर वित्तीय कंपन्यांना मात्र राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. म्हणून पंचायत सदस्याकडे गाऱ्हाणे आले की पहिला प्रश्न हा असावा: पैसे नेमके कोणी दिले?

धमकी जिवाची किंवा अब्रूची असेल तर मार्ग पोलीस ठाण्याचा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ धाकदपटशाला लागू होते, आणि स्वतःची ओळख लपवून दिलेल्या धमकीला त्यात अधिक शिक्षा आहे. घरातील स्त्रीशी अश्लील किंवा विनयाला धक्का देणारे बोलल्यास कलम ७९ आहे. ठाण्यात दखल घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. पोलीस पाटील व सरपंच यांनी अशा वेळी सोबत जाण्याचे महत्त्व मोठे आहे. कर्जदार माणूस ठाण्याच्या पायरीवर स्वतःलाच आरोपी समजत असतो.

आता गाडी ओढून नेण्याच्या प्रश्नाकडे वळणे योग्य होईल. वाहनकर्जात वाहन नजरगहाण असते. गाडी कर्जदाराच्या ताब्यात राहते, पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ खाली नोंदणी पुस्तकावर धनकोचे नाव चढलेले असते. त्याच्या लेखी संमतीवाचून मालकीबदल होत नाही. हप्ते थकल्यास वाहन ताब्यात घेण्याचे कलम करारात असते, आणि ते कायदेशीर आहे. परंतु त्या कलमात किती दिवसांची सूचना द्यावी, ताबा कसा घ्यावा, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची अखेरची संधी कशी द्यावी, पैसे भरल्यास वाहन परत कसे करावे व लिलाव कसा करावा, हे नमूद असले पाहिजे, असे २००८ च्या सूचना सांगत होत्या. करारनाम्याची प्रत कर्जदाराकडे बहुधा नसते; सही केली त्या दिवशीच ती मागून घ्यावयास हवी होती, आणि नसेल घेतली तर आज मागावी.

बळाचा वापर मात्र कोणत्याही कलमाने कायदेशीर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका मालमोटारीच्या व २०११ साली एका मोटारीच्या प्रकरणात गुंडांकरवी ताबा घेण्याच्या रीतीवर कठोर ताशेरे ओढले. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेण्याच्या वेळी शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावली. त्यानंतर काही दिवसांतच रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या संस्थांमार्फत वसुली व जप्ती करण्यास मनाई केली. ती मनाई जानेवारी २०२३ मध्ये उठवण्यात आली. थकलेल्या हप्त्यांपायी एका घरातली दोन माणसे गेली, एक जन्मलेले व एक न जन्मलेले. वसुलीच्या नियमांची चर्चा कार्यालयीन भाषेत होत असली तरी तिच्या मुळाशी असे प्रसंग आहेत.

रस्त्यात गाडी अडवली गेल्यास ओळखपत्र, अधिकारपत्र व नोटिशीची प्रत पाहण्यास मागावी. हातघाईवर येऊ नये. गर्दीच्या जागी थांबून ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. ताबा द्यावाच लागला तर गाडीतील वस्तू, टायर, किलोमीटरचा आकडा यांची यादी करून सही घ्यावी, छायाचित्रे काढावीत. ‘वाहन स्वेच्छेने सुपूर्द केले’ असे छापलेल्या कागदावर न वाचता सही करू नये.

गाडी दिली म्हणजे कर्ज संपले, हा समज सर्वत्र आढळतो व तो घातक आहे. विक्रीची रक्कम कर्जात जमा होते. तुटीची रक्कम उभी राहते, आणि तिच्यासाठी दूरध्वनी पुन्हा सुरू होतात. उलट विक्रीतून अधिक रक्कम आली तर ती कर्जदाराची असते. म्हणून विक्रीची किंमत व हिशेब लेखी मागितला पाहिजे. यार्डात उभ्या गाडीची किंमत रोज उतरते, तेव्हा थकबाकी भरून ती सोडवावयाची असल्यास पहिले दोन आठवडेच मोलाचे. कित्येकदा स्वतः गिऱ्हाईक आणून, धनकोच्या लेखी संमतीने गाडी विकणे लिलावापेक्षा फायद्याचे ठरते.

आणि हप्ते सुरळीत फिटले तर? तेथेही एक काम उरते. शेवटचा हप्ता भरल्यावर धनकोकडून नाहरकत प्रमाणपत्र व सही केलेला नमुना क्रमांक ३५ घेऊन परिवहन कार्यालयात नजरगहाणाची नोंद कमी करून घ्यावी लागते. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत व बोजाची नोंद उठवावी, धनकोच्या बाजूने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी ठरवले. ही नोंद उठवण्याचे राहून गेलेले वाहनधारक तालुक्या-तालुक्यात आहेत. दहा वर्षांनी गाडी विकावयास काढली की त्यांना परिवहन कार्यालयाच्या खिडकीतून परत पाठवले जाते, आणि तोवर कर्ज देणाऱ्या कंपनीची ती शाखा गावातून उठून गेलेली असते.